'सूत्रांच्या माहितीनुसार': राजकीय बातम्यांतल्या निनावी सूत्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बातमीत 'सूत्रांच्या माहितीनुसार' हे शब्द आले की काही वाचक ती तिथेच सोडून देतात आणि काही जण न वाचताच पुढे धाडतात. दोन्ही गटांकडून येणारे प्रश्न मात्र बरेचसे सारखे असतात. ते खाली सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निनावी सूत्र म्हणजे ज्याचं नाव पत्रकारालाही ठाऊक नसतं असा माणूस का?

नाही. बातमीदाराला त्याचं नाव, हुद्दा, फोन नंबर सगळं माहीत असतं. नीट चालणाऱ्या वृत्तपत्रात निदान एका वरिष्ठ संपादकालाही ते माहीत असतं. नाव राखलेलं असतं ते फक्त वाचकांपासून. त्यामुळे 'नाव राखलेलं सूत्र' म्हणणं जास्त बरोबर ठरेल, पण रूढ शब्द 'निनावी' हाच आहे आणि इथेही तोच वापरला आहे.

खरोखर अनोळखी माणसाने पाकिटातून किंवा ईमेलवरून धाडलेली माहिती ही वेगळी गोष्ट. ती टिप. टिप छापायची नसते, तिच्या मागावर जायचं असतं. सोबत कागद आले असतील तर प्रश्न ७ पाहा.

२. 'ऑफ द रेकॉर्ड' आणि 'नाव न छापण्याच्या अटीवर' यांत फरक काय?

खूप. ढोबळमानाने चार पायऱ्या आहेत.

- ऑन द रेकॉर्ड: शब्दही छापता येतात, नावही.
- बॅकग्राउंड: शब्द छापता येतात. नावाऐवजी ठरवलेलं वर्णन जातं, उदाहरणार्थ 'अर्थ खात्यातील एक वरिष्ठ अधिकारी'. 'नाव न छापण्याच्या अटीवर' म्हणतात ते बहुतेक वेळा हेच.
- डीप बॅकग्राउंड: माहिती वापरता येते, पण कोणाच्याही तोंडी घालता येत नाही. बातमीदार ती स्वतःच्या हिमतीवर लिहितो.
- ऑफ द रेकॉर्ड: अजिबात छापायचं नाही. तीच गोष्ट दुसरीकडून स्वतंत्रपणे मिळाली, तर मात्र छापायला आडकाठी नाही.

गोम अशी की या व्याख्या सगळीकडे सारख्या नाहीत. कित्येक पुढारी 'ऑफ द रेकॉर्ड सांगतो' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात 'छापा, पण माझं नाव नको' एवढंच असतं. म्हणून मुरलेला बातमीदार सरळ तीन गोष्टी विचारून घेतो: हे छापू का? तुमचं वर्णन काय करू? दुसऱ्याकडे पडताळताना हे वापरू का?

अट आधी ठरते. तासभर बोलून झाल्यावर 'हे छापू नका हं' म्हटल्याने बंधन येत नाही. पत्रकारांशी बोलायची सवय नसलेल्या सामान्य माणसाला इथे सवलत द्यावी. मंत्र्याला किंवा प्रवक्त्याला देण्याचं कारण नाही.

बंद दाराआडच्या परिसंवादांत कधी 'चॅटम हाउस नियम' जाहीर केलेला असतो. १९२७ पासूनच्या या नियमानुसार तिथे ऐकलेली माहिती वापरता येते, पण कोण बोललं, तो कोणत्या संस्थेचा होता आणि आणखी कोण हजर होतं, हे सांगता येत नाही.

३. नाव द्यायची हिंमत नाही, तर हे लोक बोलतात तरी कशाला?

हिंमत हा मुद्दा नेहमीच नसतो. सरकारी अधिकाऱ्याला सेवानियम आडवे येतात, आमदार-खासदाराला पक्षशिस्त. पण इतर कारणंही असतात: प्रतिस्पर्ध्याचा काटा काढणं, एखादा निर्णय लोकांना कितपत रुचेल यासाठी खडा टाकून पाहणं (प्रश्न ११), येऊ घातलेला निर्णय बोभाटा करून हाणून पाडणं, आणि 'आतली गोष्ट मला ठाऊक आहे' ही मिरवायची हौस. या शेवटच्या कारणाकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं.

हेतू मळका असला म्हणून माहिती खोटी ठरत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणात 'वॉशिंग्टन पोस्ट'ला दिशा दाखवणारा मार्क फेल्ट एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेतला दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता. मे १९७२ मध्ये संस्थेचे प्रमुख एडगर हूवर वारले, तेव्हा त्यांची जागा फेल्टला डावलून बाहेरून आणलेल्या पॅट्रिक ग्रे यांना मिळाली. फेल्टच्या बोलण्यामागे तत्त्व किती आणि राग किती, यावर आजही वाद घालता येईल. त्याने दाखवलेली दिशा मात्र बरोबर होती.

म्हणून बातमीदार हेतू पाहतो तो वेगळ्या कारणासाठी: हा माणूस या हेतूने बोलत असेल तर तो काय फुगवून सांगेल, आणि काय गाळेल? मुरलेला माणूस सहसा धडधडीत खोटं बोलत नाही. तो अर्धंच सांगतो. गाळलेला अर्धा भाग पकडणं हे खोटं पकडण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

४. मी साधा वाचक आहे. बातमी वाचताना सूत्र भक्कम आहे की नाही हे मला कसं कळणार?

नाव नसलं तरी वर्णन असतं. ते नीट वाचा. खालची उतरंड वरून खाली कमकुवत होत जाते.

- 'या पत्राची प्रत आमच्या प्रतिनिधीने पाहिली आहे'
- 'बैठकीला हजर असलेल्या तीन जणांनी सांगितले'
- 'चर्चेची माहिती असलेल्या एका अधिकाऱ्याने सांगितले'
- 'पक्षातील एका ज्येष्ठ नेत्याने सांगितले'
- 'निकटवर्तीयांच्या म्हणण्यानुसार'
- 'सूत्रांच्या माहितीनुसार'
- 'असे समजते', 'अशी जोरदार चर्चा आहे'

पहिल्या दोन पायऱ्यांवर माणूस आणि घटना यांच्यात अंतर नाही. तिसऱ्या पायरीवर ते आलं: 'माहिती असलेला' म्हणजे तिथे हजर असलेला नव्हे, त्याला कोणीतरी सांगितलेलं असू शकतं. शेवटच्या पायरीवर तर सूत्रच नाही. 'समजते' कोणाला, कोणाकडून, हे वाक्य सांगतच नाही.

मराठीत आणखी एक खोडा आहे. 'सूत्रांनी' हे अनेकवचन फसवं आहे. एकट्या माणसाने सांगितलेलंही 'सूत्रांनी सांगितले' असंच छापून येतं, शिवाय आदरार्थी बहुवचनाचं पांघरूण आहेच. त्यामुळे आकडा दिलेला नसेल तर सूत्र एकच आहे असं धरून चालावं.

वर्णनाखेरीज तीन गोष्टी पाहा. नाव का राखलं याचं कारण दिलं आहे का? ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याचं म्हणणं घेतलं आहे का? तारीख, ठिकाण, रक्कम, फाइलचा विषय असा खोटा ठरू शकेल असा एखादा तरी तपशील आहे का? जी बातमी कधीच खोटी पाडता येणार नाही ('पक्षात अस्वस्थता असल्याचे कळते') तिला खरी म्हणण्यातही अर्थ नाही.

५. 'दोन सूत्रांनी दुजोरा दिला' असं लिहिलं असेल तर बातमी पक्की ना?

दोघे स्वतंत्र असतील तर बऱ्यापैकी. एकाच विहिरीचं पाणी दोन घागरींतून आलं असेल, तर नाही.

८ डिसेंबर २०१७ रोजी सीएनएनने बातमी दिली की ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेला विकिलीक्स या गुप्त कागद उघड करणाऱ्या संकेतस्थळाच्या कागदपत्रांची वाट दाखवणारा ईमेल ४ सप्टेंबर २०१६ रोजी, म्हणजे ते कागद जाहीर होण्याआधीच, आला होता. सूत्रं दोन होती. पण बातमीदारांनी ईमेल स्वतः पाहिलेला नव्हता. प्रत्यक्षात तारीख १४ सप्टेंबर निघाली. तोवर ते कागद सगळ्या जगासाठी खुले झालेले होते. एका आकड्याने बातमीतला जीवच गेला. आणखी वाईट म्हणजे दुसऱ्या एका मोठ्या वाहिनीनेही त्याच चुकीच्या तारखेला 'दुजोरा' मिळाल्याचं सांगून टाकलं होतं.

स्वातंत्र्य तपासायचा प्रश्न साधा आहे: 'हे तुम्हाला कसं कळलं?' दोघांची उत्तरं एकाच माणसाकडे, एकाच टिपणाकडे किंवा एकाच बैठकीच्या वृत्तांताकडे गेली तर सूत्र एक धरायचं. दुसऱ्याला प्रश्न विचारताना पहिल्याने दिलेला तपशील आपणच पुरवायचा नाही, हेही महत्त्वाचं. 'पाच कोटींची गोष्ट झाली म्हणे?' असं विचारलं तर समोरचा 'हो, ऐकलंय' म्हणतो. त्याने ऐकलेलं असतं ते बहुधा नुकतंच आणि आपल्याच तोंडून.

हाच नियम वाचकालाही लागू पडतो. दहा संकेतस्थळांवर बातमी दिसली आणि दहाही जणांनी एकाच वाहिनीचा हवाला दिला असेल, तर ती एकच बातमी आहे.

६. बातमीदाराने विचारलं आणि सूत्र गप्प राहिलं, तर तो होकार समजायचा का?

'मौनं संमतिलक्षणम्' हे बातमीच्या कामाचं नाही. याचा धडा वॉटरगेटमध्येच मिळाला. दुजोरा मिळवण्यासाठी बातमीदाराने एका सरकारी वकिलाला फोनवर सांगितलं: मी दहापर्यंत मोजतो, बातमीत चूक असेल तर त्याआधी फोन ठेवा. वकिलाने फोन ठेवला नाही. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी बातमी छापली गेली की निक्सन यांचे निकटचे सहकारी हाल्डेमन गुप्त निधीवर नियंत्रण ठेवत होते, अशी साक्ष प्रचाराचे खजिनदार स्लोन यांनी ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे दिली. हाल्डेमन यांच्याविषयीचा गाभा चुकीचा नव्हता, पण स्लोन यांनी ग्रँड ज्युरीपुढे तसं सांगितलेलंच नव्हतं. फोनवरच्या वकिलाने खूण उलटी समजून घेतली होती. एवढ्या फटीतून व्हाइट हाउसला सगळ्या मालिकेवर तुटून पडता आलं.

खाणाखुणा, 'मी नाही म्हणत नाही', 'तुमची दिशा बरोबर आहे' ही तपास पुढे नेण्याची साधनं आहेत. छापायला नेमकं वाक्य लागतं, आणि कशाला होकार मिळाला ते शब्दांत वाचून दाखवावं लागतं.

७. कागदच हाती असेल तर मग शंकेला जागा कुठे?

कागद कुठून आला, इथे. ८ सप्टेंबर २००४ रोजी सीबीएसने जॉर्ज बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलातल्या सेवेविषयी जुनी टिपणं दाखवली. ती झेरॉक्स प्रती होत्या, त्यामुळे शाई-कागदाची तपासणी शक्यच नव्हती. टंकाच्या वळणावरून लगेच शंका निघाल्या, आणि कागद देणाऱ्याने ते कोणाकडून मिळाले याबद्दल वाहिनीची दिशाभूल केल्याचं उघड झालं. २० सप्टेंबरला वाहिनीला माफी मागावी लागली.

कागदाबाबत तीन गोष्टी तपासतात. तो त्या खात्याच्या रिवाजाप्रमाणे आहे का, म्हणजे जावक क्रमांक, सहीची जागा, त्या तारखेला त्या पदावर तोच अधिकारी होता का. तो अंतिम आहे की मसुदा, कारण मसुदे रोज बनतात आणि रोज फेकले जातात. आणि तो पूर्ण आहे का. अकरा पानांच्या टिपणातलं एकच पान मिळालं असेल, तर उरलेली दहा का दिली नाहीत हा पहिला प्रश्न.

८. निनावी सूत्राचं वाक्य अवतरणचिन्हांत छापणं योग्य आहे का?

त्याचं स्वतःचं वाक्य असेल तर हो. तिसऱ्याच्या तोंडचं वाक्य असेल तर फार जपून. जानेवारी २०२१ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने ट्रम्प आणि जॉर्जिया राज्यातल्या एका निवडणूक तपास अधिकाऱ्याच्या फोनवरच्या संभाषणाची बातमी दिली आणि ट्रम्प यांचे शब्द अवतरणांत छापले. ते शब्द आले होते संभाषणाची हकिकत ऐकलेल्या माणसाकडून. मार्चमध्ये ध्वनिफीत बाहेर आली. फोन झाला होता, दबावाचा सूरही होता, पण छापलेले शब्द त्यांत नव्हते. लांबलचक दुरुस्ती द्यावी लागली.

माणसाला आशय आठवतो, शब्द नाही. म्हणून ऐकीव बोलणं अप्रत्यक्ष वाक्यात लिहावं: '…अशा आशयाचे ते बोलले, असे…' वाक्य कमी चमकदार होतं, पण बातमी टिकते.

९. संपादक नाव विचारतो का? छापण्याआधी नेमकं काय तपासलं जातं?

विचारतो, आणि विचारायलाच हवं. १९८० साली एका लहान मुलाच्या व्यसनाची हृदयद्रावक कहाणी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापली. बातमीदाराने सूत्रांच्या सुरक्षिततेचं कारण दिलं आणि वरिष्ठांनी नावं विचारली नाहीत. १९८१ मध्ये तिला पुलित्झर मिळालं, आणि दोन दिवसांत तो मुलगा अस्तित्वातच नसल्याचं कबूल करून पारितोषिक परत करावं लागलं. कहाणी राजकीय नव्हती, पण संपादकांच्या आजच्या सवयीची मुळं बरीचशी तिथे आहेत.

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या अटी आदर्श मानल्या जातात: मजकूर माहितीचा हवा, मताचा किंवा अंदाजाचा नको, बातमीसाठी तो अत्यावश्यक हवा, नाव राखल्याशिवाय मिळणार नाही असा हवा, आणि सूत्राला थेट माहिती असायला हवी. शिवाय वरिष्ठाला नाव कळवणं सक्तीचं.

डेस्कवर प्रत्यक्षात विचारले जाणारे प्रश्न साधारण असे: याने स्वतः पाहिलं, वाचलं, की ऐकलं? कधीचं? याआधी याची माहिती किती वेळा खरी ठरली? बातमीने याचा काय फायदा होतो? हेच नावानिशी सांगणारा कोणी आहे का? यातला 'कधीचं?' हा प्रश्न किरकोळ वाटतो. डिसेंबर २०१७ मध्ये एबीसीच्या एका ज्येष्ठ बातमीदाराने एकाच सूत्राच्या भरवशावर सांगितलं की ट्रम्प यांनी उमेदवार असताना आपले सल्लागार मायकेल फ्लिन यांना रशियाशी संपर्क साधायला सांगितलं. सूत्राचं म्हणणं निवडून आल्यानंतरच्या काळाबद्दल होतं. उमेदवाराने केलं तर कट, निवडून आलेल्याने केलं तर सत्तांतराची तयारी. त्या बातमीदाराला चार आठवडे निलंबित करण्यात आलं.

नाव कळलेला संपादकही वचनाने बांधला जातो. म्हणून 'माझ्या संपादकाला तुमचं नाव कळेल' हे सूत्राला आधीच सांगून ठेवायचं.

१०. संबंधित नेत्याने बातमी साफ नाकारली. मग ती खोटीच होती ना?

नकार शब्दशः वाचा. 'असा कोणताही आदेश काढलेला नाही' हा नेमका नकार आहे, उद्या खोटा ठरला तर नाचक्की होईल असा. 'बातमी वस्तुस्थितीला धरून नाही', 'खोडसाळ आणि कपोलकल्पित', 'आम्ही अशा बातम्यांना महत्त्व देत नाही' यांत कोणतंच विधान नाकारलेलं नाही. कधी बातमीतल्या एका फुटकळ चुकीवर बोट ठेवून सगळीच बातमी फेटाळली जाते: बैठक मंगळवारी झाली होती, बातमीत सोमवार होतं, म्हणून 'सोमवारी अशी कोणतीही बैठक झाली नाही'. वाक्य खरं, उत्तर खोटं.

पण नेमका नकार नावानिशी आला आणि समोर फक्त 'सूत्र' असेल, तर पारडं नकाराकडे झुकतं, हे मान्य करायला हवं. तेव्हा वृत्तपत्राने आणखी पुरावा द्यावा किंवा दुरुस्ती छापावी. 'आम्ही आमच्या बातमीवर ठाम आहोत' हे वाक्य म्हणजे पुरावा नव्हे.

११. 'अमुक यांचे मंत्रिपद निश्चित' अशा बातम्या दर वेळी का फसतात?

कारण त्या माहितीच्या नसून भाकिताच्या असतात. यादी अखेरच्या रात्रीपर्यंत बदलते. सूत्राने संध्याकाळी पाहिलेली यादी खरी असते आणि सकाळची यादीही खरी असते. शिवाय अशा वेळी पुडी सोडणाऱ्यांचा सुकाळ असतो: स्वतःचं नाव चर्चेत राहावं म्हणून इच्छुक बोलतो, दुसऱ्याचं नाव कापलं जावं म्हणूनही त्याचं नाव फोडलं जातं. वरिष्ठांना नाव आधी फुटलेलं आवडत नाही, हे फोडणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

खडा टाकण्याच्या बातमीची ओळख अशी की कर्ता गायब असतो आणि क्रियापद डळमळीत: 'विचार सुरू आहे', 'प्रस्ताव विचाराधीन आहे'. ओरड झाली की 'असा प्रस्तावच नव्हता' म्हणायला वाट मोकळी. अशा बातमीत 'काय ठरलं' यापेक्षा 'हे आज कोणाला बाहेर यायला हवं होतं' हे शोधणं जास्त फळ देतं.

१२. गुप्तचर यंत्रणांच्या हवाल्याने आलेली बातमी जास्त विश्वासार्ह मानावी का?

उलट, तिला एक चाळणी जास्त लावावी. इथे पडताळणीचे जवळजवळ सगळे रस्ते बंद असतात, आणि माहिती देणारा बहुधा धोरण ठरवणाऱ्यांच्याच गोटातला असतो.

८ सप्टेंबर २००२ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने निनावी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने छापलं की इराक अणुकार्यक्रमासाठी ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहतो आहे. त्याच दिवशी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी दूरचित्रवाणीवर त्याच बातमीचा दाखला दिला. सरकारने सांगितलेलं वृत्तपत्रातून फिरून सरकारकडेच पुरावा म्हणून परत आलं. इराककडे जैविक शस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळा असल्याचा दावा मुख्यतः 'कर्व्हबॉल' हे टोपणनाव दिलेल्या एका इराकी माणसाच्या सांगण्यावर उभा होता. तो जर्मन यंत्रणेच्या हाती होता, आणि २०११ मध्ये त्याने ते रचलेलं असल्याचं कबूल केलं. मे २००४ मध्ये 'टाइम्स'ने वाचकांना उद्देशून लिहिलेल्या टिपणात आपल्या वार्तांकनात पुरेसा काटेकोरपणा नव्हता, असं मान्य केलं. त्यातला कळीचा मुद्दा प्रश्न ५ मधलाच होता: परागंदा इराकींनी सांगितलेलं, युद्धाची गरज आधीच पटलेल्या अधिकाऱ्यांकडून 'पडताळलं' जात होतं.

१३. पत्रकाराने नाव राखायला कधी नकार द्यावा?

मत किंवा शेरेबाजी असेल तेव्हा. 'त्यांना कारभार झेपत नाही' हे निनावी छापणं म्हणजे आडून दगड मारू देणं. पगारी प्रवक्त्याला ठरलेली सरकारी भूमिकाच निनावी सांगायची असेल, तेव्हाही. आणि वाचकांची दिशाभूल करणारं वर्णन मागितलं तर तिथेच थांबावं. २००३ मध्ये अमेरिकी उपाध्यक्षांचे प्रमुख सहायक लुइस लिबी यांनी 'माझा उल्लेख संसदेतला माजी कर्मचारी असा करा' म्हटलं आणि बातमीदार ज्युडिथ मिलर यांनी ते मान्य केलं. एके काळी ते तसे होते, त्यामुळे शब्द खोटे नव्हते. पण व्हाइट हाउसमधून आलेला वार कुठून आला, हे वाचकाला कधीच कळलं नसतं. ती बातमी छापली गेली नाही, तडजोड मात्र नंतर चव्हाट्यावर आली.

वर्णन धूसर करता येतं, बदलता येत नाही. 'सचिव'ऐवजी 'वरिष्ठ अधिकारी' चालेल. स्त्रीला पुरुष करणं, खातं बदलणं, एका माणसाचे दोन करणं चालणार नाही.

१४. एवढी काळजी घेऊनही सूत्र उघडं कसं पडतं?

बहुतेक वेळा वजाबाकीने. ती माहिती किती जणांकडे होती, हा पहिला हिशेब. २०१७ मध्ये एका अमेरिकी संकेतस्थळाने मिळालेल्या गोपनीय अहवालाची प्रत खरेपणा तपासण्यासाठी सरकारकडेच दाखवली. कागदावर घडी दिसत होती, म्हणजे तो छापून बाहेर नेला होता. तो छापणारे निघाले सहा. त्यांतल्या एकीने, रिॲलिटी विनर हिने, कार्यालयातल्या संगणकावरून त्या संकेतस्थळाला ईमेल केलेला होता. तिला पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. अनेक रंगीत प्रिंटर पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात आणि त्यांतून यंत्राचा क्रमांक व छपाईची वेळ वाचता येते, हेही तेव्हा सर्वतोमुखी झालं.

२००३ मध्ये ब्रिटनमध्ये इराकच्या शस्त्रांविषयीच्या सरकारी दाव्यांवर शंका घेणाऱ्या बीबीसीच्या बातमीमागचं सूत्र शोधताना संरक्षण खात्याने नाव जाहीर केलं नाही. पत्रकारांनी बरोबर नाव विचारलं तर दुजोरा द्यायचं ठरवलं. पत्रकारांनी नावं विचारून विचारून डॉ. डेव्हिड केली यांच्यापर्यंत मजल मारली. काही दिवसांत केली यांचा मृत्यू झाला.

म्हणून मूळ कागद किंवा त्याचा फोटो दाखवायचा नाही, मजकूर पुन्हा टंकून घ्यायचा. फोटोत आणि फाइलमध्ये दडलेली तारीख, यंत्र, जागा यांची नोंद पुसायची. सूत्राशी त्याच्या कार्यालयाच्या फोनवर, वाय-फायवर, ईमेलवर बोलायचं नाही. संदेश सांकेतिक असला तरी कोण कोणाशी किती वाजता बोललं याचा माग राहू शकतो, आणि बातमीच्या आदल्या रात्रीचे तीन कॉल पुरेसे बोलके असतात. सूत्राच्या बोलण्यातली लकब अवतरणात ठेवायची नाही. कचेरीतले लोक शब्दावरून माणूस ओळखतात.

१५. न्यायालय पत्रकाराला नाव सांगायला भाग पाडू शकतं का?

देशागणिक उत्तर वेगळं आहे.

स्वीडनमध्ये संरक्षण घटनात्मक आहे. सूत्र कोण हे शोधायलाच सरकारी यंत्रणांना मनाई आहे आणि वचन मोडून नाव फोडणारा पत्रकार गुन्हेगार ठरतो, काही मोजके अपवाद सोडले तर. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९६ च्या गुडविन खटल्यात सूत्रांचं संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट मानली. ब्रिटनमध्ये १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्यात संरक्षण आहे, पण न्यायदान, राष्ट्रीय सुरक्षा आणि गुन्हे रोखणं या कारणांसाठी ते बाजूला सारता येतं. अमेरिकेत १९७२ च्या ब्रान्झबर्ग निकालाने पाच विरुद्ध चार मतांनी ग्रँड ज्युरीपुढे सूत्राचं नाव न सांगण्याचा विशेषाधिकार पत्रकारांना नाकारला. बहुतेक राज्यांचे स्वतःचे संरक्षक कायदे आहेत, संघराज्याचा नाही. प्रश्न १३ मधल्या ज्युडिथ मिलर सूत्राचं नाव सांगायला नकार दिल्याने २००५ मध्ये ८५ दिवस तुरुंगात राहिल्या.

भारतात १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२) चा दाखला सर्रास दिला जातो. पण ते संरक्षण प्रेस कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं आहे, न्यायालयापुढे नाही. १९८३ मध्ये विधी आयोगाने ९३ व्या अहवालात पुरावा कायद्यात दुरुस्ती सुचवली, ती झाली नाही. २७ ऑक्टोबर २०२१ च्या पेगासस या हेरगिरी सॉफ्टवेअरच्या प्रकरणातल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सूत्रांच्या संरक्षणाचं महत्त्व ठासून मांडलं, तरी स्वतंत्र कायदा नाहीच. म्हणून 'काहीही झालं तरी तुमचं नाव बाहेर येणार नाही' असं वचन देणाऱ्या बातमीदाराने 'काहीही' या शब्दात तुरुंगवास धरलेला आहे का, हे स्वतःला विचारलेलं बरं.

१६. सूत्राने मुद्दाम खोटं सांगितलं, तर त्याचं नाव छापावं का?

इथे जाणकारांतही एकमत नाही. काही संपादक म्हणतात की करार खऱ्या माहितीच्या बदल्यात होता. खोटं बोलून सूत्रानेच तो मोडला. आमच्या मते हे तेव्हाच लागू पडतं, जेव्हा अट घालतानाच तसं बोललेलं असतं आणि खोटेपणा जाणूनबुजून होता हे सिद्ध करता येतं. चुकलेल्या आणि फसवणाऱ्या सूत्रात फरक आहे.

नुसतं नाव 'बातमीमूल्याचं' वाटलं म्हणून वचन मोडणं तर महागात पडतं. १९८२ मध्ये मिनेसोटात डॅन कोहेन या प्रचार सल्लागाराने प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या जुन्या किरकोळ शिक्षेचे कागद दिले. बातमीदारांनी नाव राखायचं वचन दिलं, संपादकांनी ते डावलून नाव छापलं, त्याची नोकरी गेली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की वचनभंगाच्या दाव्यापासून वृत्तपत्रस्वातंत्र्य ढाल देत नाही.

१७. हे वचन किती वर्षं पाळायचं? सूत्र वारल्यावर तरी मोकळीक मिळते का?

मुदत सूत्राबरोबर ठरवायची असते, बातमीदाराने परस्पर नव्हे. 'माझ्या हयातीत नको' एवढीच अट असेल तर मृत्यूनंतर वाट मोकळी होते. काही ठरलेलंच नसेल तर मागे राहिलेल्या घरच्यांचा, आणि त्याच्या नावावरून ओळखू येतील अशा इतर सूत्रांचा विचार करावा लागतो. बोफोर्स प्रकरणात चित्रा सुब्रमण्यम यांना कागद देणारे स्वीडिश पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांचं नाव १९८७ पासून पंचवीस वर्षं राखलं गेलं. २०१२ मध्ये ते स्वतःहून पुढे आले.

यातला सगळ्यात निसरडा प्रसंग म्हणजे लोक नावं सुचवू लागतात तो. 'तो अमुक होता का?' याला 'नाही' म्हणणंही चूक, कारण चार नावांना 'नाही' आणि पाचव्याला 'बोलू शकत नाही' म्हटलं की उत्तर मिळालंच. सगळ्याच नावांना एकच उत्तर द्यायचं, पहिल्या दिवसापासून. सूत्र स्वतः चारचौघांत 'तो मी नव्हेच' म्हणत असलं तरी बातमीदाराने त्याला दुरुस्त करायचं नाही. मार्क फेल्ट वर्षानुवर्षं तसंच म्हणत राहिला. ३१ मे २००५ रोजी, ९१ व्या वर्षी, कुटुंबीयांच्या आणि वकिलाच्या मदतीने त्यानेच नाव उघड केलं, आणि 'पोस्ट'ने दुजोरा दिला तो त्यानंतर.